देवीचे वण

“यात माझी मुलगी ओळखू येते का, सांगा.” मास्तरांनी हस्तपत्रक काउंटरवर ठेवलं.

ओळखू येत नव्हती. फोटोच्या जागी करडा चौकोन, त्यात दोन डोळे आणि भांग. लढाईचे दिवस होते. कागद खरखरीत मिळायचा, त्यावर शाई पसरायची.

मास्तर तळेगावचे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची सुमती घरातून निघून गेली होती. पाहायला आलेले लोक तिच्यासमोरच म्हणाले, “फोटोतली मुलगी कुठे आहे?” दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती.

तोच फोटो पत्रकावर होता, लोणावळ्याला माझ्याच स्टुडिओत काढलेला. सुमतीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. मास्तरांनी सांगितलं म्हणून मी ते फोटोतून काढून टाकले होते. स्थळासाठीच्या फोटोंत हे रोजचंच काम.

“आता नीट छापून द्या. स्पष्ट,” मास्तर म्हणाले.

“देतो. पण वण दिसायला हवेत.”

“ते नको. पत्रक गावोगाव लागणार. उद्या तिचं लग्न व्हायचंय.”

“मास्तर, आधी ती घरी यायला हवी ना?”

त्यांनी पत्रक उचलून त्याची घडी घातली.

“एक प्रिंट काढू द्या,” मी म्हटलं. “नाही पटली तर फाडून टाका.”

निगेटिव्ह काचेची होती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा खळगा तिथे पारदर्शक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावर टोकदार पेन्सिल फिरवली की प्रिंटमध्ये खळगा उजळतो, वण जातो. याला आम्ही रिटचिंग म्हणतो. मी टर्पेंटाइनचा बोळा हलक्या हाताने फिरवला. पेन्सिल निघून आली. मग डार्करूममध्ये जाऊन प्रिंट काढली.

ओली प्रिंट मास्तरांनी दोन्ही हातांत धरली. बराच वेळ पाहत राहिले. फाडली मात्र नाही.

तेवढ्यात दूधवाला धोंडिबा दुकानाच्या पायरीवर टेकला. तो कामशेतहून सकाळच्या गाडीने दूध आणायचा आणि परतीच्या गाडीपर्यंत तिथे बसायचा. मी आधी त्याला जुनं पत्रक दाखवलं.

“त्यो कागद ठेशनात बगितलाय म्या. ह्या तोंडाची बाई न्हाई बगितली.”

मग मास्तरांच्या हातातली प्रिंट दाखवली. धोंडिबा उठून जवळ आला.

“ही व्हय! माज्याच डब्यात हुती. लय रडत हुती. मी हितं उतरलो, ती फुडं ग्येली, घाटाखाली.”

मास्तरांनी डोळे पुसले. “छापा,” म्हणाले, “आहे तशी छापा.”

पण आहे तशी छापून भागणार नव्हतं. फोटो छापायचा तर त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागतो. ब्लॉकमध्ये चित्र जाळीतून घेतात, त्याचे ठिपके होतात. खरखरीत कागदाला जाळी जाड लागते आणि जाड जाळीत बारीक खुणा हरवतात. म्हणून मी चकचकीत कागदावर मोठी प्रिंट काढली. मागचा पडदा पांढऱ्या रंगाने झाकला, म्हणजे चेहरा सुटा दिसेल. मग बारीक ब्रशने एकेक वण थोडा गडद केला. प्रिंटमध्ये ते भडक दिसत होते.

“इतके नाहीत हो तिला,” मास्तर म्हणाले.

“छापल्यावर बेताचे दिसतील.”

पुण्याहून ब्लॉक आला. पत्रकं छापून घाटाखाली कर्जतपर्यंत लावली. या खेपेला चेहरा सुमतीचाच दिसत होता.

तिला कुणी शोधून आणलं नाही. नवं पत्रक पाहून ती आपण होऊन आली. कर्जतला एका दवाखान्यात पडेल ते काम करत होती. नंतर मास्तर तिला घेऊन दुकानात आले, तेव्हा मी विचारलं, “पहिलं पत्रक पाहिलं नव्हतंस का?”

“पाहिलं होतं, कर्जतच्या स्टेशनात,” ती म्हणाली. “वाटलं, नाना त्या फोटोतल्या मुलीलाच शोधताहेत.”

मास्तर मान खाली घालून उभे होते. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, “चला नाना, गाडी चुकेल.”

तिचं लग्न झालं की नाही, मला माहीत नाही. पुढे ती नर्सिंग शिकायला गेली, एवढं कळलं.

स्थळासाठीच्या फोटोतले वण मी नंतरही काढले. नाही म्हणून धंदा चालत नाही. मात्र पेन्सिल लावण्याआधीची एक प्रत घरच्यांच्या हातात देऊ लागलो. ती कुणी आनंदाने घेत नाही. मी देतो.