हसता हसता उत्तर दी

कुणी मुलगी अडचण घेऊन आली की आमच्या सिस्टर आधी डोळ्यांवरचा चष्मा काढायच्या आणि वर्गात शेजारी टांगलेल्या सांगाड्याला घालायच्या. मग म्हणायच्या, "आता सांग गो. चष्म्याशिवाय माका तुझा तोंड दिसणा नाय. तुका लाजूक नको."

तुम्हीही कधी कुणापाशी मन मोकळं केलं असेल. पण चष्मा लावलेला सांगाडा ऐकत उभा आहे, असं नसेल झालं.

मालवणजवळच्या एका छोट्या इस्पितळात आम्ही नर्सिंग शिकायचो. सिस्टर शिकवायच्या, कुणी पुढे काय शिकावं, कुणाच्या बापाची समजूत कशी घालावी, हेही त्याच बघायच्या. वर्गात शुद्ध मराठी, सल्ला मात्र मालवणीत.

माझी अडचण हसण्याची. घाबरले की मला हसू फुटायचं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी हातात बरगडी दिली आणि मी अशी हसत सुटले की त्यांनी मला नापासच केलं. बाबा मासेमारीच्या होडीवर जायचे. नापास झालीस तर घरी ये, कुडाळचं स्थळ थांबलंय, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

सिस्टरांपुढे मी रडले, रडता रडता हसले. त्यांनी बाबांना बोलावून फेरपरीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली. मला म्हणाल्या, "हसू येता तर येऊं दी. पण हसता हसता उत्तर दी."

सरावाला त्यांनी मला मुलांच्या वॉर्डात धाडलं. मी पोरांना गुदगुल्या करत हाडांची नावं घ्यायची. पोरं खिदळायची, मीही खिदळायची, आणि नावं बरोबर यायची.

फेरपरीक्षेला तेच डॉक्टर, तीच बरगडी. मी फिसकन हसले, पण हसत हसत सगळं सांगितलं. डॉक्टर आधी रागावले, मग त्यांचे गाल थरथरले आणि शेवटी आम्ही दोघंही डोळे पुसत होतो. बाहेर ते हसणं ऐकून सिस्टरांना वाटलं, पोरगी पुन्हा नापास झाली. पास झाले म्हटल्यावर त्या पायरीवर बसून इतक्या हसल्या की डोक्यावरची टोपी मातीत पडली.

पुढे त्यांची आंबोली घाटापलीकडे बदली झाली. मी त्यांना पोचवायला गेले होते. एसटी सुटणार तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी रडत धावत आली. पुढे बाळंतपणाचा कोर्स करू का, घरचे नको म्हणतात. सिस्टर खिडकीतून निम्म्या बाहेर आल्या. ड्रायव्हरने गाडी बंद केली. मागच्या सीटवरची एक म्हातारी तिला कर म्हणत होती, कंडक्टरचं मत वेगळं होतं. सिस्टरांसकट सगळे एकदम बोलत असतानाच गाडी पुन्हा सुरू झाली आणि वळणाआड गेली.

मुलगी रडायचं विसरली होती. तिने मला विचारलं, "सिस्टर हो म्हणाल्या की नाही?"

त्या गलक्यात सिस्टर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नव्हतं.

"हो म्हणाल्या," मी म्हटलं.