निळ्या झेंड्याला जय भीम

चारठाण्याच्या धम्मशीलाचा राग म्हणजे चुलीवरचं दूध. बघता बघता वर. पण कारण कायम एकच: वाट. शाळेत सायकलवर जायची तेव्हापासून मागून येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "ए पोरी, व्हय बाजूला." पुढं ती जिंतूरच्या कचेरीत कारकून झाली, पगारातून मोटारसायकल घेतली, तरी तेच. बाईच्या मागं राहायचं म्हटलं की जीपवाल्यांच्या पोटात दुखायचं. पुढं घुसायचे आणि मग रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालायचे. एकानं तर येलदरीच्या वळणावर तिला काट्यात घातलं. तिनं गाडी उचलली, जिंतूरच्या स्टँडपर्यंत त्याच्या मागं गेली आणि भरल्या सवारीसमोर त्याच्या सात पिढ्या काढल्या.

तिचं मागणं एवढंच होतं, की जिथं कुणी आडवं येत न्हाई अशा रस्त्यावर एक दिवस गाडीची मूठ पुरती पिळायची.

असा रस्ता असतो हे धाकट्या भावानं, सिद्धोधननं, मोबाइलवर दाखवलं. पार मद्रासकडं, समुद्राच्या काठी, शर्यतीचा ट्रॅक. शर्यत नसली की पैसे भरून कुणालाही तिथं आपली गाडी पळवता येते. दोघं निघाली, गाडी रेल्वेच्या पार्सल डब्यात. आई मालनबाई म्हणाली, "गोल गोल फिरायला एवढ्या लांब कशाला? खळ्यावर बैल फिरायचेच की. समुद्र तरी बघून या."

ट्रॅकवर पाय ठेवला आणि दूध उतू गेलं. टेबलामागच्या माणसानं चालवणाऱ्याचा पट्टा सिद्धोधनच्या मनगटाला बांधला.

"गाडी मैं चलाती," धम्मशीला आपल्या परभणीच्या हिंदीत म्हणाली. "ये तो मेरे पीछे बैठके आता."

माणूस हसला. मग काय विचारता! तिकडं पुण्याचा कोच सगळ्यांना झेंडे समजावून सांगत होता. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा, काळा म्हणजे बाहेर या. निळ्याची पाळी आली तेव्हा धम्मशीला भावाच्या मनगटावरचा पट्टा कात्रीनं कापून घेत होती.

सकाळी ती ट्रॅकवर उतरली. खड्डा न्हाई, जनावर न्हाई, समोर काळाभोर रस्ता. वळणाच्या तोंडाशी उभ्या माणसानं एकाएकी निळा झेंडा फडकवला. एवढ्या परमुलखात आपला झेंडा! धम्मशीलाचा हात आपसूक हँडल सोडून वर गेला. हेल्मेटच्या आत ती म्हणाली, "जय भीम."

मागून पिवळ्या हेल्मेटवाला सुसाट येत होता. ट्रॅकवर हात वर करणं म्हणजे 'मी हळू होतोय'. त्यानं घाबरून ब्रेक दाबला आणि गाडीसकट कडेच्या वाळूत गेला. लागलं न्हाई, पण धम्मशीलाला काळा झेंडा निघाला.

"निळा म्हणजे मागून तुमच्याहून जोरात गाडी येतेय, तिला वाट द्या," कोच कडाडला. "तुम्ही हात कशाला वर केला?"

"जय भीम केला."

"कुणाला?"

"झेंड्याला."

सिद्धोधननं तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते. पिवळ्या हेल्मेटवाला वाळू झाडत म्हणाला, "बाजूला व्हायला काय जातं हो बाई?"

"दुपारी एक जरी चूक झाली," कोच म्हणाला, "तर गाडी बाहेर."

सावलीत बसून ती भावावर फणकारली, "एवढ्या लांब येऊन बी 'बाजूला व्हय'च? आन त्ये बी निळा दाखवून? निळ्यानं कवा कुणाला बाजूला सारलं का रे?"

"आक्के, दाखवतेत पुढच्याला, पर असतो मागच्यासाठी," सिद्धोधन म्हणाला. "मागून येणाऱ्याची वाट अडवू नका, म्हणतो त्यो."

तिनं हेल्मेटची काच खसाखसा पुसली. "मंग निळाच पायजे की," म्हणाली. पण तेही रागातच.

दुपारी तिला दोनदा निळा दिसला. दोन्ही वेळा तिनं दातओठ खात वाट दिली. हात हँडलला खिळल्यासारखे. मग पुढं पिवळं हेल्मेट आलं. वळणावर हळू, आणि बसलेलं ऐन मधोमध. निळा हलला. तिनं कान दिला; मागं कुणाचाच आवाज न्हाई. म्हणजे झेंडा त्याला होता, तिच्यासाठी होता. तरी गडी सरकेना. जिंतूरच्या स्टँडवर जे बोलली होती ते सगळं ती हेल्मेटात पुन्हा बोलली. पुढच्या फेरीला झेंडेवाल्यानं दोन्ही हातांनी झेंडा हलवला, तेव्हा कुठं तो जरासा कडेला झाला. सरळ रस्त्यावर समुद्राचा वारा गाडी आडवी ढकलत होता. धम्मशीला टाकीवर पालथी झाली आणि गाडी पिळली. मग पुढं कुणीच नव्हतं. अगदी शेवटपर्यंत.

परतल्यावर जिंतूरच्या रस्त्यावर पुन्हा जीप आडवी. हॉर्नला दाद न्हाई. मागं बसलेल्या सिद्धोधननं गळ्यातला निळा गमछा काढून डोक्यावर फडकवला.

जीपवाल्यानं आरशात बघितलं. खिडकीतून हात बाहेर काढला, उंच केला, आणि तोंडभरून ओरडला, "जय भीम, आक्का."

आणि जीप मधोमधच ठेवली.

धम्मशीलानं जिंतूर येईपर्यंत हॉर्नवरचा अंगठा उचलला न्हाई.