बेस ऐकू येतोय का कुणाला?

माझ्या अॅम्पच्या जाळीमागे सोळा वर्षांच्या अक्षता साठल्यात. दर लग्नात मूठभर आत जातात, आणि उघडून साफ करायला कुणाला वेळ आहे? किस्स्यांचंही तसंच झालंय. चार दोस्त चहाला बसले की एकेक गळायला लागतो आणि सगळे पोट धरून हसतात. हसा! मला मात्र अजून राग येतो.

मी आठवडाभर कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी आप्पांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्न, वास्तुशांत, उद्घाटन, जे मिळेल ते. आप्पा गातात. सन्मती कीबोर्ड वाजवतो, ढोलकीला मिळेल तो वादक असतो. साउंड सर्जेराव बघतो. माझ्या पाठीमागे माझा स्वतःचा अॅम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, असतो, पण तो मला ऐकू येण्यापुरता. समोर लोकांना काय ऐकू जाणार, हे मिक्सरवर बसलेला सर्जेराव ठरवतो. इथंच सगळं दुखणं आहे.

बेस म्हणजे गाण्याचा पाया. पाया कुणी बघत नाही, मान्य. पण घर उभं आहे ना, मग आता पाया काढून टाका, असं म्हणणारी माणसं मी फक्त आमच्याच लाइनीत पाहिली! सोळा वर्षांत माझी एकच मागणी आहे. वाहवा नको, हार नको. एका माणसानं, फक्त एका, येऊन म्हणावं की तुमचं वाजवणं ऐकलं. तेवढंही या जिल्ह्याला जमेना.

*

सर्जेराव आमच्याकडे नवीन आला तेव्हाची गोष्ट. शिरोळजवळच्या एका गावात लग्न होतं. सकाळी मंडपात खुर्च्या मांडणं चालू होतं आणि आम्ही आवाज तपासत होतो. सगळ्यांचं झालं, माझी पाळी आली. मी सर्वात जाड तार छेडली. घूंऽऽऽ!

"करंट उतरलाय!" सर्जेराव ओरडला. "कुणी हात लावू नका! अर्थिंगला पाणी घाला, पाणी!"

मंडपामागे जमिनीत सळई ठोकून अर्थिंग केलेलं होतं. कुणीतरी धावत जाऊन तिथं बादली रिकामी केली. मी दचकून तारेवर हात ठेवला होता, त्यामुळे आवाज अर्थातच थांबला.

"बघा," सर्जेराव म्हणाला, "एका बादलीत बरं झालं. जमीनच कोरडी हाय हितली."

शिरोळची जमीन कोरडी! जिथं उसाच्या सरीत कायम पाणी असतं, तिथली! मी परत वाजवलं, दुसरी बादली गेली. परत वाजवलं, तिसरी गेली. चौथ्या बादलीला नवरदेवाचे चुलते पाय घसरून नव्या धोतरासकट चिखलात बसले. तेव्हा कुठं आप्पांनी सर्जेरावला बाजूला घेऊन सांगितलं की अरे, ती गिटार आहे, तिचा आवाजच तसा असतो.

सर्जेराव माझ्याकडे वळला.

"म्हंजे," तो म्हणाला, "तुम्ही हे मुद्दाम करालाईसा व्हय?"

मिक्सरवर प्रत्येकाच्या आवाजाची वरखाली सरकणारी एक कळ असते, तिला फेडर म्हणतात. त्या दिवशी माझा फेडर खाली गेला तो आजतागायत खालीच आहे.

*

वास्तुशांतीचा कार्यक्रम होता. घराचे मालक मोठे बागायतदार, माणूस सोन्यासारखा. पहिल्या गाण्यापासून माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, आला! इतक्या वर्षांनी एक कानसेन आला!

गाणं संपल्यावर ते स्टेजजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पावणं, दोन तारा कुठं गेल्या?"

मी सांगितलं की याला चारच तारा असतात.

"लाजू नका," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अडचण सगळ्यांनाच येती."

पुढचं गाणं संपायच्या आत ते तारेचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन हजर! "कंपाउंडची हाय. म्हस बी तोडू शकत न्हाय. बसवून घ्या दोन, पैशाचं काढू नका."

मी त्यांना बेस गिटारची रचना समजावत होतो आणि मागून सन्मती म्हणतोय, "बसवून घे की रं. तशी बी कुणाला ऐकू येत न्हाय!"

*

एका दूध संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुण्यांच्या हातात नारळ दिला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, फोडायला दगडच आणलेला नाही. पाहुणे फरशीकडे वळले तर चेअरमन आडवे आले. "फरशीवर नगं! कालच बसवलीया!"

पाहुण्यांनी इकडं तिकडं बघितलं. त्यांची नजर माझ्या अॅम्पवर पडली. अॅम्पच्या कोपऱ्यांना लोखंडी पत्रा असतो, आपटून खराब होऊ नये म्हणून. "हे भक्कम दिसतंय," म्हणाले, आणि मी "अहो, अहो" करेपर्यंत दणका दिला. नारळाची दोन शकलं झाली. पाणी वरच्या फटीतून आत गेलं. फुस्स आवाज झाला आणि गोडसर वास सुटला.

"एका फटक्यात फुटला!" पाहुणे खूश. "शुभ हाय!"

फरशीची काळजी होती माणसांना. नवीन होती ना! माझा अॅम्प काय, मी काय, जुनेच. सर्जेरावच्या मिक्सरला जाणारी वायर अॅम्पमधूनच जाते, त्यामुळे माझा आवाज पुढेही नाही आणि मागेही नाही. दोन तास मी नुसता उभा होतो. शेवटी आभाराच्या भाषणात चेअरमन म्हणाले, "तांत्रिक बिघाड होऊनसुद्धा कार्यक्रमात कुठंही उणीव भासली नाही!" टाळ्या पडल्या. सर्वात जोरात सर्जेरावनं वाजवल्या.

*

हा किस्सा ऐकून सांगा, राग येईल की नाही.

राजारामपुरीत एका दुकानाचा वर्धापनदिन होता. फूटपाथला लागून छोटा स्टेज, समोर सर्जेरावचे स्पीकर. वरच्या मजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना. तिसऱ्या गाण्याला डॉक्टर स्वतः खाली आले.

"पेशंटच्या छातीला नळी लावतोय, तर मला तुमचंच गाणं ऐकू येतंय! कमी करा!"

बरोबर होतं त्यांचं. सर्जेरावनं ढोलकीचा आवाज एवढा चढवला होता की दुकानाच्या काचा थरथरत होत्या. पण सर्जेराव ढोलकी कमी करील तर शपथ! त्यानं गंभीर चेहरा केला. "खरं हाय, डॉक्टर. ह्यो बेसचा आवाज हाय," म्हणत माझ्याकडे बोट दाखवलं. मग डॉक्टरांना मिक्सरजवळ बोलावून माझा फेडर, जो तळाला टेकलेला होता, तो आधी कुणाला न दिसता वर नेला आणि मग त्यांच्यासमोर सावकाश, अगदी प्रेमानं, खाली आणला. माझी वायर तर त्यानं मिक्सरला जोडलीच नव्हती!

डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं. "हं," म्हणाले, "आता बरं वाटतंय."

जाता जाता मला म्हणाले, "वाजवायचं तर तारतम्यानं वाजवावं माणसानं."

आता तो सर्जेरावचा रामबाण उपाय झालाय. कुठूनही तक्रार आली की माझा फेडर खाली येतो आणि तक्रार करणारा समाधानानं घरी जातो. सन्मती तर मला म्हणतो, "तुझ्यामुळंच आपलं साउंड चांगलं हाय."

*

बाहेरच्यांचं सोडा. एकदा बायकोला म्हटलं, चल, आज ऐकायला ये. ती काठापदराची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. मी जीव तोडून वाजवलं. बोटांना फोड आले.

परतताना गाडीवर मागून म्हणाली, "छान झाला हो कार्यक्रम. तुम्ही कुठल्या गाण्यात वाजवलं?"

*

गेल्या लग्नसराईच्या सुरुवातीला आप्पांनी मला चहाला बोलावलं. आप्पा चहा पाजतात तेव्हा समजायचं, काहीतरी वाईट सांगायचं आहे.

"सन्मतीचा डावा हात मोकळाच असतोय," ते म्हणाले. "बेसचं काम त्यो कीबोर्डवर डाव्या हातानं करतो म्हणतोय. गाडीत जागा बी हुईल. तुझं काय म्हणणं?"

सोळा वर्षं! आणि बदली माणूससुद्धा नाही, नुसता एक डावा हात! मी म्हटलं, "एवढी सराई होऊ द्या, मग सांगतो." पण मनात ठरवलं की पुढच्याच लग्नात सोक्षमोक्ष लावायचा. बोटं फिरवायची, अॅम्प मात्र बंद ठेवायचा. एकाही माणसाला जाणवलं, तर हक्कानं भांडायचं. कुणालाच नाही जाणवलं, तर आप्पांचं खरं. गिटार विकून टाकायची.

*

ते लग्न कोल्हापूरच्या वेशीवरच्या एका लॉनवर होतं. साडेबाराचा मुहूर्त, लगेच पंगती, आणि पंगती चालू असताना आमची गाणी. आवाज तपासताना थोडा वेळ वाजवलं, मग पहिल्या गाण्याआधी मी अॅम्पची कळ बंद केली आणि उभा राहिलो.

पहिलं गाणं झालं. आप्पा नेहमीसारखे रंगात. दुसरं झालं. सन्मती डोळे मिटून मान डोलावत होता. डावा हात खिशात! तिसऱ्या गाण्याला सर्जेरावनं लांबून मला अंगठा दाखवला आणि ओठांनी म्हणाला, "बेस्ट येतंय!" मला इतका संताप आला की रडूच यायचं बाकी राहिलं. चौथं गाणं सुरू झालं तेव्हा मी मनात गिटारची किंमतसुद्धा ठरवली होती.

तेवढ्यात मागचा पडदा बाजूला झाला आणि एक दांडगा माणूस स्टेजवर चढला. घामानं निथळत होता. खांद्यावर पंचा, हातात तेल गळणारा झारा. लग्नाचा आचारी. स्टेजच्या मागेच स्वयंपाकाचा मांडव होता. पाचशे माणसांसमोर तो तरातरा माझ्याकडे आला.

"का थांबलासा?"

"काय थांबलं?" मी बोटं फिरवतच विचारलं.

"त्ये खालचं! ढुम ढुम चालतंय त्ये. तीन गाणी झाली, न्हाय ते न्हाय!"

मला वाटलं, सर्जेरावनं चेष्टा करायला पाठवलाय. "तुम्हाला मागं कुठून ऐकू येतंय?"

"आवो, मागं दुसरं येतंय काय? भट्टीच्या आवाजात गाणं कळत न्हाय, बाजा कळत न्हाय. तुमचं तेवढं पडद्यातनं येतंय. त्येच्यावरच तर बायकांचा हात चालतोय पुऱ्या लाटायला. तुम्ही बंद केलासा आन् लाटणी मंदावली की! तिकडं दुसरी पंगत बसलीया!"

आप्पा गाता गाता माझ्याकडे डोळे वटारत होते. सर्जेराव मिक्सर सोडून उभा राहिला होता. मी वाकून कळ चालू केली आणि वाजवायला लागलो. आचारी मान खाली घालून थोडा वेळ ऐकत राहिला. "हां," म्हणाला, आणि पडद्याकडे वळला. पडद्यापाशी जाऊन परत फिरला.

"गेल्या वैशाखात कागलच्या लग्नाला तुम्हीच हुतासा न्हवं?"

"होतो."

"तवा तिसऱ्या गाण्यात मधीच ठेच लागली हुती."

लागली होती. अंतरा संपायच्या आत मी मुखड्यावर आलो होतो. आप्पांना कळलं नव्हतं, सन्मतीला कळलं नव्हतं. सर्जेरावचा तर प्रश्नच नव्हता. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"लागली हुती का न्हाय?" त्यानं झारा माझ्या तोंडासमोर नाचवला. "बोला की! चार पुऱ्या फाटल्या त्या टायमाला माझ्या!"