दोरीच्या दुसऱ्या टोकाला

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी थोडे घाबरा. मीही त्याच क्रमाने गेलो.

शाळेची पायरी मी चढलेलो नाही. जन्म गुरं राखण्यात गेला. आता इथे आखातात मुलगा आणि सूनबाई वेस्ट बे भागात ऑफिसात जातात आणि मी अल थुमामातलं घर राखतो. घर, आणि नऊ वर्षांची नात, स्वरा.

तिला शाळेने एक जुनं इंग्रजी पुस्तक वाचायला दिलेलं. एकटीला भीती वाटायची, म्हणून मला शेजारी बसवून सांगायची. अमेरिकेतलं माळरान. नजर पोहोचेल तिथवर गवत, झाड औषधालाही नाही. परमुलखातून आलेलं एक जोडपं तिथे मातीच्या ढेकळांचं घर बांधून राहतं. एकदा नवरा गावाला जातो, आणि बर्फाचं वादळ येतं.

"मग ती लेडी ना आजोबा, डोअरपासून गाईच्या शेडपर्यंत रोप बांधते. हरवू नये म्हणून."

"शहाणी बाई."

"ती रोप धरून चालते. आणि दुसऱ्या साइडने कोणीतरी रोप ओढतं!"

"कोण?"

"माहीत नाही. होमवर्क इथपर्यंतच आहे."

आता सांगा, असं अर्धवट सोडतात का कुठे? दोन दिवस ती बाई माझ्या डोक्यात उभी!

तिसऱ्या दिवशी भर दुपारी धूळ उठली. आधी समोरची घरं दिसेनाशी झाली, मग आमचंच फाटक. उजेड हळदीच्या पाण्यासारखा. आणि स्वराची बस यायची वेळ! वसाहतीचं गेट पन्नास पावलांवर. पोर धुळीत चुकली तर?

मी गच्चीवर गेलो, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली. दाराच्या बाहेरच्या मुठीला दाव्याची पक्की गाठ मारली, दुसरं टोक कमरेला. दार ओढून घेतलं आणि निघालो.

तीस पावलांवर दोरी संपली.

"स्वराऽऽ!" वाऱ्याने हाक माझ्याच तोंडात कोंबली. आणि कमरेला हिसका बसला.

मागून. घराकडून. घरात तर कोणीच नव्हतं!

मी दोरी ओढली. दोरीने मला ओढलं. पाठोपाठ ठक, ठक, ठक. मग सगळं गप्प. आणि दोरी नुसती थरथरायला लागली, जिवंत असल्यासारखी. थांबेचना!

तुम्ही काय केलं असतं? मी हात जोडले. "बाई, तुझं घर इथं नाही. जा, माय." आणि जीव खाऊन दोरी ताणून धरली.

तेवढ्यात धुळीतून तोंड नसलेला माणूस आला. काळा चष्मा, बाकी सगळं फडक्यात. बघतो तर गेटवरचा वॉचमन!

"चाचा! यल्ला, चलो, घर जाओ! बस जल्दी आयी थी. बेल बजायी, आप आये नहीं. बच्ची को पीछे किचन के दरवाजे से छोड़ा."

म्हणजे मी गच्चीवर गाठी सोडत होतो तेव्हा! आमचं दार आत उघडतं. पोर मला शोधायला दार ओढत होती, आणि मी बाहेरून ते दोरीने बंद ठेवत होतो. वर तिच्याच नावाने हाका!

दाराशी आलो, तर आतून कडी.

"स्वरे, उघड. मी आजोबा."

"नो! ती लेडी पण असंच म्हणणार!" आवाज रडवेला.

"अगं, मीच गं बाळा!"

"मग माझ्या स्कूलचं नाव सांगा."

झालं! दोन वर्षांत ते इंग्रजी नाव माझ्या जिभेवर एकदाही बसलेलं नाही. तरी कवळी सांभाळत म्हणून पाहिलं. दोनदा.

कडी निघाली. "राँग. आजोबाच आहेत."

संध्याकाळी चहाला मुलासमोर सगळी कहाणी झाली. स्वरा म्हणाली, "मी डोअर दोनदा ओढलं, गॅपमधून रोप दिसला! डोअर वाजवलं, मग घाबरून कडी लावून पळाले."

मी कप खाली ठेवला. "पळालीस? मग नंतर दोरी थरथरवत कोण होतं?"

तिने चहात बिस्किट बुडवलं.

"आजोबा, दोरी तुमच्याच कमरेला होती ना? ते तुमचे पाय होते."