रफूताईंच्या खुर्च्या

रफूताईंच्या घरात माणसं तीन आणि खुर्च्या नऊ. जेवणाच्या टेबलाच्या वेगळ्या. दारातून आत शिरलं की चपला काढायला एक, बोळाच्या वळणावर एक, शेगडीपाशी उंच पायांची एक, न्हाणीघराच्या दाराशी एक. सगळ्या नवऱ्याच्या हातच्या. नवरा सुतारकाम करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, आणि रागावल्या की रफूताईसुद्धा. बायकोच्या गुडघ्याचं माप घेऊन, उठताना हात टेकायला सोपं जावं म्हणून दांड्यांची टोकं गोल घासून मिस्त्रींनी प्रत्येक खुर्ची केली होती.

"लोक बायकोला दागिने करतात, आमच्या ह्यांनी मला खुर्च्या केल्या," असं रफूताई आल्यागेल्याला सांगत. त्यात कौतुक किती आणि कुरकुर किती, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

रस्त्याच्या टोकाला एक लाँड्री होती. तिथे काचेमागच्या स्टुलावर बसून रफूताई रफू करत. कसरीने खाल्लेला कोट असो की खिळ्याला अडकून फाटलेली पँट, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढून त्या भोक असं भरत, की ते कुठे होतं हे गिऱ्हाइकाला शोधूनही सापडत नसे. येणाऱ्याजाणाऱ्याशी काचेतून खाणाखुणा चालत. लाँड्रीवाला म्हणे, "तुमच्यामुळे माझं अर्धं गिऱ्हाईक आत येतं आणि उरलेलं तुमच्याशी बोलत बाहेरच उभं राहतं."

एकदा लाल कोटाची उसवलेली शिवण घालायला मागवलेला दोरा विटका आला म्हणून त्या दोरेवाल्याशी कडाकडा भांडल्या. मग सहज एक डोळा मिटला, तर दोरा लालभडक. दुसरा मिटला, तर विटेसारखा. दोरा बरोबर होता, डोळा बिघडला होता. पुढे बोटांना मुंग्या आल्या, पाय जड झाला आणि तपासण्यांच्या शेवटी नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचे राखणदारच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. घरात ते लांबलचक नाव कोणी घेतलं नाही. सगळे 'ते' म्हणत.

त्यानंतर लाँड्रीच्या दाराशीच रफूताई पडल्या. हनुवटीला टाके पडले. "रफूवालीलाच रफू," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून काम पिशवीतून घरी येऊ लागलं आणि घरात खुर्च्या वाढू लागल्या.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट वाढली. जिना चढताना रफूताईंना धाप लागली, की मिस्त्री म्हणत, "त्याचंच असेल." अंग सुटलं, त्याचंच. दुपारी गळून गेल्यासारखं वाटलं, त्याचंच. "बस तू," म्हणून ते लोणी लावलेला पाव हातात आणून देत.

"दूध उतू गेलं, बाबा," लेक स्वयंपाकघरातून ओरडायची. "त्याचंच असेल का हो?"

"थट्टा पुरे," मिस्त्री म्हणत. रफूताई तोंडाला पदर लावून हसत आणि पावाचा दुसरा तुकडा मोडत.

हॉस्पिटलात एक पाहणी सुरू झाली. या आजाराच्या माणसांच्या धमन्या लवकर खराब व्हायला लागतात का, त्याच्या काही खुणा रक्तात आधीच दिसतात का, हे बघायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तसा रफूताईंनी हात पुढे केला. सुई टोचताना मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अहो, रक्त माझं चाललंय. तुम्ही का पांढरे पडताय?"

"मी कॅलेंडर बघतोय."

"ते मागच्या वर्षीचं आहे."

निकाल ऐकायला तिघंही गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. "काही खुणा वाढलेल्या आहेत. धमन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास व्हायला लागला की त्या रक्तात उतरतात. शिवाय वाईट चरबीही बरीच वाढलीय."

"म्हणजे त्याचंच," मिस्त्री म्हणाले.

"तेवढंच नाही. त्या आजाराचा यात वाटा किती, तेच आम्ही शोधतोय. अजून ठाम सांगता येत नाही. पण चरबी, वजन, बसून राहणं, याचा वाटा आहेच. आणि तो तुमच्या हातात आहे."

रफूताई पुढे सरकल्या. "अस्तर म्हणालात?"

"हो."

"फाटलंय?"

"नाही हो. विरायला लागलं असेल, असं समजा."

"मग ठीक. विरलेलं सावरता येतं."

"चरबीसाठी गोळी देते. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा बघू. बरं, दिवसभरात चालणं किती होतं?"

लेक म्हणाली, "आई चालते कुठे? एका खुर्चीवरून उठली की दुसरीवर. मध्ये जमीन लागतच नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या, रफूताई हसल्या. मिस्त्री आपल्या तळव्यांवरचे घट्टे बघत राहिले.

घरी आल्यावर रफूताई बोळातल्या खुर्चीवर बसल्या नाहीत. भिंत धरून उभ्या राहिल्या. "मी लाँड्रीत जाणार. माझ्या जागेवर. चालत."

"आणि पडलीस तर?"

"पडेन."

"पडेन म्हणे! टाके पडले तेव्हा तुला काही दिसत नव्हतं. मी बघत होतो."

"तुम्ही मला पडू दिलं नाहीत, खरंय. पण चालूही दिलं नाहीत. आता लाँड्रीवाला त्या जागी इस्त्रीचं टेबल ठेवायचं म्हणतोय. एकदा ठेवलं की माझं स्टूल गेलं."

"म्हणजे सगळं माझंच चुकलं."

"चुकलं नाही हो." त्यांचा आवाज खाली आला. "जास्त झालं."

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत असं नाही. जेवले, आणि उठून आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात निघून गेले.

हॉस्पिटलातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने काठी कशी टेकायची, दमायच्या आधी कसं थांबायचं, ते दाखवलं. लोणी बंद झालं. रफूताई बोळात येरझारा घालू लागल्या. कधी पाय ऐके, कधी दिवसभर ऐकत नसे. तेव्हा मिस्त्रींच्या ओठांवर आलेलं "त्याचंच" लेक डोळे वटारून परत पाठवी. मग आधी चपलांपाशची खुर्ची कारखान्यात गेली, मागून न्हाणीघराची. शेगडीजवळची मात्र रफूताईंनीच ठेवून घेतली. "इथे मी आधीपासून बसायची," म्हणाल्या.

ज्या सकाळी त्या लाँड्रीकडे निघाल्या, तेव्हा बोळातली खुर्चीही दिसेना. मिस्त्रीही दिसेनात.

"बाबा पाव आणायला गेलेत," लेक म्हणाली.

"खुर्ची घेऊन?"

औषधांच्या दुकानापुढे, बरोबर अर्ध्या वाटेवर, बोळातली खुर्ची फुटपाथवर मांडलेली दिसली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने मिस्त्री, हातात पाव नाही, मान खाली घालून बायकोच्या वेगाने चालत होते. रफूताईंचा डावा पाय तोवर ओल्या घोंगडीसारखा झाला होता. खुर्ची बघून त्यांना हायसं वाटलं. आणि मग दिसलं, की खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ वर्तमानपत्र पसरून ऐसपैस बसले आहेत.

मिस्त्री धावत रस्ता ओलांडून आले. "उठा हो! ही माझ्या बायकोची खुर्ची आहे."

"बायकोची खुर्ची रस्त्यावर?" गृहस्थ म्हणाले. "आणि बायको कुठाय?"

"ही काय, उभी आहे," रफूताई म्हणाल्या. एक हात दुकानाच्या खांबावर, एक काठीवर. त्यांनी श्वास घेतला, पाय जरा हलवून बघितला. "बसू द्या त्यांना. मला पुढे जायचंय."

"अगं, पण..."

"मिस्त्री."

उरलेला रस्ता दोघांनी एकाच बाजूने कापला. मिस्त्रींनी हात धरला नाही, फक्त जवळ ठेवला.

लाँड्रीवाल्याने स्टुलावरचा पँटींचा ढीग उचलला. "या. उशीर केलात."

"जरासा," म्हणत रफूताई बसल्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पाय थरथरत होता. रक्त पुन्हा तपासायला अजून अवकाश होता. तेव्हा काय निघेल, कोणाला माहीत.

काचेपलीकडून मिस्त्रींनी हातवारे करून विचारलं, दमलीस?

रफूताईंनी सवयीने 'नाही' अशी मान हलवायला घेतली. मग काचेवर बोटं वाजवून त्यांना जवळ बोलावलं.

"दमलेय तर," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चालून आलेय."