उजव्या कानावरचा हात

पडदा वर गेला. बत्त्या फुरफुरत होत्या, आणि मंडळी, ते दुष्काळाचं साल असूनही नेवाशाच्या जत्रेत आमच्या कनातीत पाय ठेवायला जागा नव्हती. लंकाबाईनं सूर लावला. मागं उभ्या सहादेव झीलकऱ्यानं नेहमीसारखा उजव्या कानावर तळहात दाबला आणि तो सूर वरच्यावर झेलला. बाईचा सूर कधी खाली पडू द्यायचा नाही, एवढंच काम त्यानं उभा जन्म केलं. लावणी संपली, हात खाली आला. तळहाताला रक्त होतं.

"कान फुटलाय, दुसरं काय," सहादेव म्हणाला. "लसणाचं त्याल घालतोय."

लंकाबाईनं त्याचा तळहात ओढून नाकाशी धरला. तो वास तिच्या ओळखीचा होता. तिच्या बापाचा कान असाच वाहायचा, त्यानंही तेलच घातलं. पुढं अर्धा चेहरा ओघळला, एक डोळा मिटेनासा झाला. सरणावर ठेवला तेव्हाही तो उघडाच होता.

तिनं सहादेवला आधी नगरला, तिथून पुण्याला नेलं. डॉक्टरांनी कानातल्या मांसाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

"अजून कानाच्या भोकातच आहे," डॉक्टर म्हणाले. "आतली कातडी, भोवतालचं हाड, पडदा, सगळं एकदम काढू. माणूस वाचेल. त्या कानानं मात्र फारसं ऐकू येणार नाही. चेहऱ्याची नसही तिथूनच जाते, तिला जपावं लागेल. पण थांबलात, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

सहादेव तडक फडावर परतला. "होळीपस्तोर थांबा. मढीला जाऊन नाथाचा अंगारा कानात घालतो. कानिफनाथ हत्तीच्या कानातून जन्मला. कानाचं त्याला न्हाई कळनार तर कुनाला?"

"आरं, नाथ कानातून भाईर आला," मच्छिंद्र सोंगाड्या म्हणाला. "तुझ्या कानात कुनीतरी आत चाललंय!"

त्याच्या बोलण्यावर पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

"झीलकऱ्याचा कान काढल्यावर ऱ्हातं काय, बाई?" सहादेवनं हळूच विचारलं.

"बापाचा डोळा मिटाया गेले, मिटला न्हाई. तुमचा मिटाया मी येनार न्हाई, दादा. उद्या पुण्याला चला. न्हाईतर फडाच्या पेट्या बांधा, मी तोंडाला रंग लावनार न्हाई."

ऑपरेशनच्या दिवशी ती फिनेलच्या वासात बंद दाराकडं बघत बसली. आत गेलेला माणूस कोणत्या चेहऱ्यानं बाहेर येईल, हे कुणी सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आले. सहादेवच्या डोक्याला फेट्याएवढं बँडेज होतं. "डोळे मिटा."

लंकाबाई पुढं वाकली. सहादेवचे दोन्ही डोळे मिटले.

"दात दाखवा." तोंड सरळ होतं.

"काढलेल्या भागाच्या कडा तपासायला दिल्यात," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर सगळा निघाला का, ते अहवाल आल्याशिवाय मी बोलणार नाही." आणि ते निघून गेले.

लंकाबाईनं उजव्या बाजूनं हाक मारली, "दादा." तो वळला नाही. ओठ हललेले तेवढे त्याला डोळ्याच्या कडेनं दिसले असावेत. सवयीनं त्याचा उजवा हात कानाकडं गेला, बँडेजला लागला आणि तिथंच थांबला.

मग त्यानं हात खाली घेतला. म्हणाला, "बाई, डाव्या अंगाला या. आन् सूर लावा."