मामाच्या दाढेतले प्राणी

सतराव्या शतकाच्या अखेरीस जगात नुसता धुमाकूळ चालला होता. इंग्लंडचा राजा गादी टाकून पळाला, तिथल्याच एका विद्वानाने पृथ्वी आपल्याला खाली का ओढते याचं गणित मांडलं, आणि दिल्लीचा बादशहा दख्खन जिंकायला येऊन इथेच म्हातारा झाला. हे सगळं मी वर्गात हातवारे करून शिकवतो. राजा पळतो तेव्हा मीही दाराकडे पळतो. पण त्या काळातला माझा खरा लाडका माणूस म्हणजे हॉलंडचा एक कापडवाला. त्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली दातांवरचा मळ ठेवला आणि त्यात जिवंत प्राणी वळवळताना पाहिले.

ही गोष्ट मामाला सांगायला नको होती. मी ती नुसती सांगितली नाही, दाखवलीसुद्धा.

मामा जवळा बाजार या गावात सोयाबीन खरेदी करतो. पोत्यातला दाणा दाढेखाली धरायचा; टक्कन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. सारा बाजार त्या दाढेचा शब्द मानायचा. ऐन हंगामात मी शाळेतला सूक्ष्मदर्शक घेऊन गेलो आणि मामाच्या त्याच दाढेवरचा मळ काडीने काढून काचेवर पसरला.

मामा एक डोळा मिटून वाकला.

“हे काय पळून राहिलं?”

“जंतू. तुमच्या तोंडातले.”

“एवढे?”

“हे नमुन्यापुरते.”

मामाने अंगणातली अर्धी घागर चुळा भरण्यात संपवली. आठवडी बाजाराच्या दिवशी तो ओलावा मोजायचं मशीन मांडून, ओठ मिटून बसला. पहिलाच शेतकरी त्या डब्याकडे संशयाने बघत म्हणाला, “शेठ, दाढ दुखून राहिली का?”

“न्हाई. मशीन बराबर सांगते.”

“तिला दात कुठं हायेत? तुमी चावा.”

“न्हाई चावत.”

“मग माल इथं काहून उतरवू?”

त्याची पोती समोरच्या दुकानात गेली. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. समोरचा व्यापारी रस्त्यावर उभा राहून, सगळ्यांना दिसतील असे दात विचकून दाणे फोडत होता. मामाने जन्मभर कमावलेली पत माझ्या एका तमाशाने डोळ्यांदेखत रस्ता ओलांडत होती. आता मात्र माझी तंतरली.

“मामा, तो कापडवाला कढत कॉफी प्यायचा. मग पुढच्या दातांवरचे प्राणी मरून पडलेले दिसायचे.”

“मेल्या, हे तवाच काहून न्हाई सांगितलं?”

“आणि तो नव्वद वर्षं जगला.”

“त्या किड्यांसगट?”

“व्हय.”

जवळा बाजारात कॉफी कुठली? शेजारच्या हॉटेलातून उकळता चहा मागवला. मामाने बशी बाजूला सारली आणि कप तसाच तोंडाला लावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात एक बैलगाडी समोरच्या दुकानाकडे वळू लागली. मामा उठला, थेट रस्त्यात आडवा गेला, पोत्यात हात घालून दाणा काढला आणि दाढेखाली धरला.

आवाज आला नाही.

“ओलं हाय,” भाजलेल्या जिभेने मामा कसाबसा म्हणाला. “दोन दिस ऊन दाखव.”

गाडीवाल्याने तोंड वाकडं केलं, पण बैल थांबवले. “तुमी म्हणता म्हंजे असंल. वाळवायला ताडपत्री तरी द्या, शेठ.”

मामाने मशीनवर सावलीसाठी बांधलेली ताडपत्री ओढून त्याच्या हातात दिली.